पंच तटस्थ होते, मग बाळू पालवणकर कप्तान का झाले नाहीत?

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रातल्या प्रत्येक नाक्यावर एकच वाद सुरू झाला. शिवराज राक्षेची पाठ टेकली की नाही? राक्षेचे म्हणणे, दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, पुन्हा चित्रण पाहा. पंचांनी निकाल दिला होता. राक्षेने चिडून पंचाला लाथ मारली. त्याच संध्याकाळी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही निकालावर नाराज होऊन मॅट सोडून गेला आणि पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. दोन वर्षे आधी, जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत पंचांनी एका टांगेला चार गुण दिले, त्यावरूनही असेच रान उठले होते. तेव्हा तर समाजमाध्यमांवर वादाला धर्माचा रंगही चढला.

आमच्या संगमेश्वर तालुक्यात कुस्तीपेक्षा कबड्डी जास्त. हिवाळा लागला की वाडीवाडीतून सामने, मुंबईहून चाकरमानी पोरे खास रजा काढून येतात. तिथेही तेच. चढाईवाल्याचा पाय बोनस रेषेला लागला का, लॉबीत कोण आधी गेला, सरपंचाने शिट्टी उशिरा का वाजवली. अर्धी रात्र यातच जाते. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दहा वेळा मागेपुढे करून पाहिला जातो. पंचाचा निर्णय तपासलाच पाहिजे, त्यात चूक काही नाही. पण आंबेडकरी तरुणांनी एवढ्यावर थांबू नये असे मला वाटते. शिट्टी वाजण्याच्या आधी जे निर्णय झालेले असतात, त्यांचा व्हिडिओ कोणी काढत नाही. संघ कोणी निवडला, कप्तान कोणी ठरवला, कोणत्या वाडीला आमंत्रण गेले आणि कोणत्या वाडीचे पत्र वाटेत हरवले, हे निर्णय कोणत्याही रेषेवर होत नाहीत. इतिहासात मोठा अन्याय बहुतेक वेळा तिथेच झाला आहे.

हे समजायला हेवीवेट मुष्टियुद्धासारखे दुसरे उदाहरण नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉन एल. सलिव्हन हा अमेरिकेचा हेवीवेट विजेता होता. त्याने उघड सांगून टाकले होते की आपण काळ्या माणसाशी लढणार नाही. त्या काळात पीटर जॅक्सन नावाचा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा होता, आणि जाणकार त्याला जगातल्या सर्वोत्तमांत धरत. २१ मे १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जॅक्सन आणि जेम्स कॉर्बेट यांची लढत ६१ फेऱ्या चालली, दोघेही हात उचलण्याच्या स्थितीत उरले नाहीत आणि लढत निकालाविना संपली. पुढच्याच वर्षी सलिव्हनने त्याच कॉर्बेटला किताबाची संधी दिली. कॉर्बेट जिंकला, विजेता झाला. जॅक्सनला किताबाची लढत कधीच मिळाली नाही. १९०१ साली तो वारला. आता सांगा, यात कोणत्या पंचाने बेइमानी केली? कोणीच नाही. जो सामना होतच नाही त्याला पंच लागत नाही.

जॅक जॉन्सन मात्र हटला नाही. विजेता टॉमी बर्न्स जिथे जाईल तिथे तो मागे गेला, शेवटी ऑस्ट्रेलियात २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीला लढत ठरली. बर्न्सला बक्कळ रक्कम, जॉन्सनला त्या मानाने किरकोळ. पंच कोण? लढतीचा आयोजक ह्यू मॅकिंटॉश, स्वतः गोरा, पैसा त्याचाच लागलेला. आजच्या नियमाने हे धडधडीत हितसंबंधाचे प्रकरण झाले असते. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली, आणि मॅकिंटॉशने निकाल जॉन्सनच्या बाजूने दिला. द्यावाच लागला, कारण वीस हजार लोकांनी जे पाहिले ते लपवणे शक्य नव्हते. दीड वर्षाने, ४ जुलै १९१० रोजी रीनो शहरात माजी विजेता जेम्स जेफ्रीज गोऱ्यांची लाज राखायला निवृत्तीतून परत आला. तिथेही पंच आयोजकच होता, टेक्स रिकर्ड. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी पंच व्हावे, अशीही त्याची खटपट झाली होती. जॉन्सनने पंधराव्या फेरीत जेफ्रीजला संपवले आणि पंचाने तो निकालही मान्य केला.

म्हणजे रिंगणाच्या दोरांच्या आत जॉन्सनला न्याय मिळाला. दोरांच्या बाहेर काय झाले ते पाहा. त्याच रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत काळ्या लोकांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. लढतीच्या चित्रफिती दाखवायला ठिकठिकाणी बंदी आली आणि १९१२ साली तर लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणेच कायद्याने बंद झाले. १९१३ साली सर्व गोऱ्या ज्युरीने जॉन्सनला एका गोऱ्या स्त्रीबरोबरच्या संबंधांवरून दोषी ठरवले. त्या शिक्षेची माफी त्याला मरणोत्तर मिळाली, २०१८ साली. १९१५ मध्ये हवानात जॉन्सन किताब हरला, त्यानंतर पुढची बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट किताबासाठी लढू दिले गेले नाही. हॅरी विल्स वर्षानुवर्षे जॅक डेम्प्सीला आव्हान देत राहिला, ती लढत झालीच नाही. २२ जून १९३७ रोजी जो लुई विजेता झाला तेव्हा ते दार पुन्हा उघडले.

अर्थात पंच आणि परीक्षक नेहमी स्वच्छ असतात असे कोणी समजू नये. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलीफिल्ड यांची लढत तीन परीक्षकांनी मिळून बरोबरीत सोडवली, तेव्हा पाहणाऱ्यांचा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हेवीवेट अंतिम लढतीत रशियाच्या तिश्चेंकोला विजयी घोषित केले आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढे रिओतल्या सगळ्या ३६ पंच-परीक्षकांना बाजूला करावे लागले. पण या गोष्टी निदान उघडकीला येतात, कारण त्या कॅमेऱ्यासमोर घडतात.

आता आपल्याकडे या.

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून पडलेले. जात चांभार. बाळू पालवणकरांचा जन्म धारवाडचा, वडील सैन्याच्या नोकरीत, बालपण पुण्यात. पुण्यात आधी एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, महिना तीन रुपये. मग १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर. तिथे साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. जे. जी. ग्रेग नावाचा फलंदाज बाळूंकडून तासन्‌तास चेंडू टाकून घेई, आणि बाद केले की दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. मात्र त्या क्लबात बाळूंच्या हातात बॅट कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी हा साहेबांचा खेळ.

बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती पसरली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबापुढे पेच पडला. गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, आणि घ्यावा तर तो अस्पृश्य. क्लबातले तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, मराठी ब्राह्मण सभासद नको म्हणत होते. शेवटी घेतले. मैदानात सगळ्यांनी त्यांनी फेकलेला, हाताळलेला तोच चेंडू झेलायचा, आणि चहाच्या वेळी बाळूंना चहा मंडपाच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायचे तर पाणी घालायला अस्पृश्य नोकर. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी यावर जाहीर बोलून दाखवले की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाता-पिता आलेच पाहिजे. ते श्रेय त्यांना द्यायला हवे, आणि मी ते देतो.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरी मिळाली, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. धाकटे भाऊ शिवराम, विठ्ठल, गणपत हेही पुढे खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. बाळूंचे सामन्यात आठ बळी. साऱ्या देशातल्या वर्तमानपत्रांनी तो विजय साजरा केला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी दौऱ्यात एकंदर ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला, आणि त्यात एल्फिन्स्टनमध्ये शिकणारा एक तरुण विद्यार्थी पुढे होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर.

इथपासून गोष्ट पंचांशी जोडली जाते, आणि हा भाग आपल्या तरुणांनी नीट लक्षात घ्यावा.

मुंबईची ही स्पर्धा धर्मवार संघांची होती. आधी युरोपियन आणि पारशी, मग हिंदू, १९१२ पासून मुसलमान, म्हणून चौरंगी. सुरुवातीपासून पंच युरोपियन असत. ज्या संघाला हरवायचे त्याच्याच जातभाईने निकाल द्यायचा! ओरड होणारच. १९१७ पासून नियम बदलला. जे दोन संघ खेळत नसतील त्यांच्याकडून पंच येऊ लागले. म्हणजे हिंदू आणि पारशी खेळत असतील तर पंच युरोपियन किंवा मुसलमान. कसोटी क्रिकेटमध्ये दोन्ही पंच तटस्थ देशांचे असावेत हा नियम पक्का व्हायला २००२ साल उजाडावे लागले. मुंबईने तो विचार पंच्याऐंशी वर्षे आधी केला होता. कौतुकाची गोष्ट आहे.

पण हा नियम कोणत्या गृहीतावर उभा होता? हितसंबंध चार आहेत, हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि तिसरा माणूस उभा केला की दोघांना न्याय मिळतो. हिंदू म्हणजे एक अखंड गट असे धरून चाललेले. मग बाळू पालवणकर आणि त्यांना चहा बाहेर देणारे, यांच्यामध्ये तटस्थ पंच कोण? त्या जागेवर कोणीच उभा नव्हता. पायचीतच्या अपिलावर बाळूंना पारशी पंचाकडून न्याय मिळू शकत होता. कप्तानपदाच्या अपिलावर मात्र अपील ज्याच्याविरुद्ध, निकालही त्याचाच.

आणि तो निकाल वर्षानुवर्षे एकच लागला. १९१० नंतर दरवर्षी बाळूंचे नाव पुढे यायचे, दरवर्षी कप्तान दुसरा व्हायचा. मु. दा. पै हे ब्राह्मण खेळाडू कप्तान होते, आणि त्यांनी १९१३ मध्ये एका सत्कारात स्वतःच सांगितले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. हे महत्त्वाचे आहे. ज्याला पद मिळाले तो म्हणतो आहे की ते दुसऱ्याचे होते. तरीही निवड समितीला काही फरक पडला नाही. व्यक्तीचा चांगुलपणा आणि व्यवस्थेचा निर्णय यांत केवढे अंतर असते ते इथे दिसते.

१९२० साली तर कळस झाला. पै आजारी पडले. आता तरी बाळू? नाही. कप्तानपद दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर मोठे फलंदाज होते यात शंका नाही, पण अनुभवाने पालवणकर बंधूंच्या मागचे. वर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढले. आपल्याला डावलण्याचे कारण खेळ नसून जात आहे, हे त्यांनी उघड मांडले. हिंदू जिमखान्याच्या विरोधात, त्या काळात, दोन चांभार भाऊ!

त्या वर्षाकडे जरा पाहा. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून पुढे केले. डिसेंबरमध्ये पालवणकर बंधूंनी मैदान नाकारले. या तिन्ही गोष्टी एकाने दुसऱ्याला सांगून घडवल्या असे मी म्हणत नाही, पण हवा एकच होती. वर्तमानपत्रांत वाद पेटला. अंतिम सामन्याला पै बरे होऊन परतले, भाऊ परत आले, बाळूंना उपकप्तान केले, आणि सामन्यात पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे बाळूंना संघ चालवता यावा. एवढाच तो कप्तानपदाचा तुकडा, तोही एका भल्या माणसाच्या मेहेरबानीने. तोवर बाळू चव्वेचाळिशीच्या घरात पोचले होते. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले, हिंदू जिंकले, आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. विठ्ठल गुणी होते म्हणूनच कप्तान झाले, हे खरे. पण गुणी तर ते १९२० मध्येही होते. मधल्या काळात वाढले ते गुण नव्हेत. वाढला तो माघारीचा आणि जाहीर बोलण्याचा दबाव.

आता बाबासाहेबांची भूमिका याच्या शेजारी ठेवून पाहा. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी मांडले की हिंदू समाजात खरी फूट स्पृश्य आणि अस्पृश्य यांच्यातली आहे, आणि अस्पृश्यांच्या वतीने दुसऱ्याने बोलणे पुरेसे नाही, अस्पृश्य माणूस स्वतः तिथे असला पाहिजे. चौरंगी स्पर्धेचे आयोजक चार गट मोजत होते त्याच काळात बाबासाहेब पाचवा गट दाखवत होते, जो हिंदूंच्या पोटात लपवला होता. तटस्थ पंचाचे तत्त्व त्यांनी पुरते पुढे नेले, इतकेच. बिगर-खेळाडू संघाचा पंच हवा, हे मान्य असेल तर स्पृश्य-अस्पृश्यांच्या प्रश्नावर स्पृश्यांनीच पंच व्हायचे, हे कसे मान्य करायचे?

इथे एक अवघड गोष्ट येते, ती टाळून चालणार नाही. खुद्द बाळू पालवणकर या प्रश्नावर बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला गेले. स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध होता, सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांसमोर बाळूंनाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. आपल्यातले काही जण यावरून बाळूंना हरिजन-छाप, सवर्णांचा पित्तू वगैरे म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. ज्या माणसाने चहा मातीच्या भांड्यात प्यायला, त्यानेच रानड्यांचे भाषण ऐकले, पैंनी मैदान सोडलेले पाहिले, धाकट्या भावाला सवर्णांच्या खांद्यावर पाहिले. त्याला मनापासून वाटले की मने बदलतात. त्याच्या आयुष्यात काही मने बदललीही होती. बाबासाहेबांनी त्याच गोष्टीकडे पाहून विचारले असते की बदललेली मने बाळूंना एक तरी वर्ष कप्तान करू शकली का? मतभेद इथे होता, आणि तो मोलाचा मतभेद आहे. काँग्रेसने मात्र काय केले ते उघड आहे. अस्पृश्यांमधला सर्वांत लाडका खेळाडू उचलून अस्पृश्यांच्या सर्वांत मोठ्या नेत्यासमोर ठेवला. जिमखान्याला जे वीस वर्षांत सुचले नाही ते, म्हणजे बाळूंना पुढे करणे, निवडणुकीत बरे सुचले!

मित्रांनो, महाराष्ट्र केसरीचा निकाल चुकला की नाही, हे मी इथे ठरवत नाही, आणि त्यामागे जात होती असेही म्हणत नाही. पाठ टेकली का, हा चित्रण पाहून सुटणारा प्रश्न आहे. फेरतपासणी मागण्याचा मल्लाचा हक्क लिखित असावा, पंच दुसऱ्या जिल्ह्याचा असावा, हे साधे उपाय आहेत आणि ते झाले पाहिजेत. पण आपल्या तालुक्यात स्पर्धा भरते तेव्हा पंचांच्या नावांबरोबर आणखी दोन याद्या मागायला शिका. निवड समितीत कोण आहे, आणि कोणकोणत्या वाड्यांना प्रवेशपत्रिका पाठवल्या. एका स्पर्धेत आमच्या बौद्धवाडीच्या पोरांना “तुमची नोंदणी उशिरा आली” असे सांगितले गेले, आणि नंतर कळले की आम्हाला पत्रिकाच उशिरा दिली होती. त्या दिवशी सामन्यातले सगळे पंच अगदी चोख होते, एकाही निर्णयावर कोणी हरकत घेतली नाही. पुढच्या वर्षी पोरांनी एक केले. नोंदणीची तारीख आधी लेखी मागितली, अर्ज दोन प्रतींत नेला आणि एका प्रतीवर पोच घेतली. त्या वर्षी संघ उतरला, दुसऱ्याच फेरीत हरला, आणि हरल्यावर आमची पोरेही बोनस रेषेवरून रात्रभर भांडली.